वाचक विचारतात : हेलडनचा सज्जा

गेल्या अंकातील एका प्रवासटिपणात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील हेलडन या लहानशा उपनगराचा आणि तेथील बोट्टो कुटुंबाच्या घराचा उल्लेख दोन ओळींत आला होता. १९१३ साली शेजारच्या पॅटरसन शहरात रेशीम कामगारांचा जो मोठा संप झाला, त्याच्याशी हे घर जोडलेले आहे, एवढेच त्यात म्हटले होते. तेवढ्या उल्लेखावरून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत, कारण एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून पुरे होत नाही.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला गेलो असताना हेलडनला जाणे झाले. शांत, घरांची वस्ती. चढावर एक साधे घर आणि त्यावर ते राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू असल्याची पाटी. गिरण्या पॅटरसनमध्ये, संप पॅटरसनमध्ये. मग स्मारक हेलडनमध्ये कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : याचे उत्तर नगराच्या हद्दीत आहे, आणि हद्द कोणाच्या ताब्यात होती यात आहे.

पॅटरसन हे अमेरिकेतील पहिल्या आखीव औद्योगिक नगरांपैकी एक होय. पसेइक नदीच्या सुमारे ७७ फूट उंचीच्या धबधब्यावर यंत्रे चालवता येतील, हे ओळखून अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने १७९१-९२ मध्ये त्याची उभारणी सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे रेशमाचा धंदा इतका फोफावला की शहराला ‘सिल्क सिटी’ हेच नाव पडले. १९१३ मध्ये तेथे रेशमाच्या गिरण्या आणि रंगखाती मिळून सुमारे ३०० कारखाने होते. कामगार जवळजवळ सगळे परदेशातून आलेले किंवा आलेल्यांची मुले : इंग्लंडच्या मॅकल्सफील्डचे विणकर, जर्मन, स्विस, पोलंडमधील लोद्झ आणि बियालिस्तोक येथील ज्यू विणकर, उत्तर इटलीच्या बिएल्ला भागातील इटालियन, आणि रंगखात्यात मुख्यतः दक्षिण इटलीतून आलेले मजूर. यांतील पुष्कळ जण अडाणी शेतमजूर म्हणून आले नव्हते. बिएल्ला हा लोकरीच्या विणकामाचा जुना मुलूख. तेथील विणकर हुन्नर बरोबर घेऊन आले, आणि संप कसा करायचा हे ज्ञानही. स्थलांतरितांच्या इतिहासात ही बाब बहुधा सांगायची राहून जाते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवतो.

हेलडन पॅटरसनला लागूनच, वायव्येच्या बाजूला. मँचेस्टर टाउनशिपमधून वेगळे होऊन १९०८ मध्ये ते स्वतंत्र नगर झाले. क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस किलोमीटर आणि त्या काळची लोकवस्ती जेमतेम अडीच हजार. गिरणीत बरी मजुरी मिळवणारा कसबी विणकर थोडी बचत झाली की ट्रामच्या वाटेवर, शहराच्या धुराबाहेर परसबाग असलेले घर बांधी. अशा घरांचीच ही वसाहत होती. पिएत्रो आणि मारिया बोट्टो हे बिएल्लाकडचे जोडपे १८९२ मध्ये अमेरिकेत आले आणि पंधरा वर्षांच्या कष्टांनंतर १९०८ च्या सुमारास त्यांनी नॉरवुड स्ट्रीटवर हे घर उभे केले. अशा वस्तीत निवडणूक झाली की मतदारही कामगार आणि उमेदवारही त्यांच्यातलाच. संपाच्या वेळी हेलडनचे महापौर होते विल्यम ब्रूकमन, समाजवादी पक्षाचे.

२५ फेब्रुवारी १९१३ रोजी पॅटरसनमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेचे वक्ते पहिल्याच दिवशी व्यासपीठावरून अटकेत गेले. त्यांत बावीस वर्षांची एलिझाबेथ गर्ली फ्लिन होती आणि इटालियन कामगारांत बोलणारे कार्लो त्रेस्का होते. पुढे पॅटरसनच्या पोलिसांनी सभा, मोर्चे आणि पिकेटिंग (गिरणीच्या दाराशी संपकऱ्यांनी धरलेला पहारा) यांवर जी सक्ती केली तीत संप संपेपर्यंत सुमारे १,८५० जणांना अटक झाली. रविवारी तर शहरात सभेची सोयच नव्हती. मात्र पॅटरसनच्या पोलिसांचा अंमल पॅटरसनच्या वेशीपाशी संपत होता. वेशीपलीकडे ब्रूकमन यांचे हेलडन होते, आणि ब्रूकमन यांनी संपकऱ्यांना सांगितले की आपल्या हद्दीत सभा घ्या. पिएत्रो बोट्टो यांनी आपले घर दिले.

घर उंचावर, समोर मोकळे माळरान, आणि वरच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने एक सज्जा. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात वक्त्याला जे हवे ते सगळे त्या एका घरात होते. दर रविवारी पॅटरसनहून माणसे बायकामुलांसह, पुष्कळशी पायीच, चढ चढून येत. मोठ्या सभांना २०,००० पर्यंत लोक जमल्याची नोंद आहे, म्हणजे गावाच्या वस्तीच्या आठपट. त्या सज्जातून फ्लिन बोलली, त्रेस्का इटालियनमध्ये बोलले, खाणकामगारांतून वर आलेले धिप्पाड, एका डोळ्याने अधू असलेले ‘बिग बिल’ हेवूड बोलले, कादंबरीकार अप्टन सिंक्लेअरही बोलले. एकाच सभेत अनेक भाषांतून भाषणे होत. ज्या गिरणीमालकांना वाटत होते की इतक्या जातींची आणि बोलींची माणसे एकत्र येणारच नाहीत, त्यांना उत्तर त्या माळावर मिळत होते. मे महिन्यात पॅटरसनमधील सभागृहेही संपकऱ्यांना बंद करण्यात आली, तेव्हा हेलडनचे महत्त्व आणखी वाढले.

म्हणून स्मारक तेथे आहे. मागणी पॅटरसनची होती. ती मोठ्याने मांडता आली ती हेलडनमध्ये.

प्रश्न : माझे स्वतःचे यंत्रमाग आहेत. संपाचे मूळ कारण ‘एका विणकराला चार माग’ हे होते असे वाचले. आमच्याकडे एक कामगार सहा-आठ माग सहज सांभाळतो. मग चारांसाठी एवढा संप कशाला? हा यंत्राला विरोध नव्हे काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपण धंद्यातले आहात, म्हणून धंद्याच्याच भाषेत सांगतो. आजचा साधा सुती किंवा पॉलिएस्टरचा माग आणि १९१३ मधला रेशमाचा माग यांची तुलना नुसत्या आकड्यांनी करू नये. तेव्हाच्या रेशमी सुताला रंगखात्यात वजन चढवण्याची रीत होती. कच्चे रेशीम उकळून त्यातला डिंक काढला की त्याचे वजन घटते. ते भरून काढण्यासाठी, आणि पुष्कळदा त्याहून जास्त, कथलाचे क्षार त्यात मुरवत. कापड विकताना वजनदार आणि झुळझुळीत भासे, पण सूत ठिसूळ होई. ताण्याचा धागा तुटला की विणकराने माग थांबवून तो सांधायचा, आणि मजुरी तर वारावर, म्हणजे विणलेल्या लांबीवर. जितके सूत वाईट तितका विणकराचा वेळ फुकट. अशा स्थितीत दोन माग हाच सर्वसाधारण प्रघात होता.

हेन्री डोहर्टी यांच्या गिरणीत साध्या रुंद रेशमी कापडासाठी नवे, धागा तुटताच आपोआप थांबणारे माग आले आणि विणकराने दोनऐवजी चार माग पाहावेत असे ठरले. २७ जानेवारी १९१३ रोजी या पद्धतीबद्दल बोलायला गेलेल्या चार कामगारांना कामावरून काढण्यात आले आणि सुमारे ८०० विणकर बाहेर पडले. महिनाभरात ते लोण शहरभर पसरले.

विणकरांचा हिशेब सरळ होता. माग दुप्पट झाल्याने मजुरी दुप्पट होणार नव्हती, कारण वाराचा दर उतरवला जाणार होता. आणि तेवढेच कापड निम्म्या माणसांत निघू लागले की उरलेली निम्मी माणसे दारात उभी राहणार होती. ती दारात उभी राहिली की आत असलेल्यांचा दर पुन्हा उतरणार. नव्या मागाला त्यांची हरकत नव्हती. त्या मागापासून होणारा सगळा नफा एकाच बाजूला जावा, याला होती. म्हणूनच चार मागांना विरोध करणाऱ्या त्याच लोकांनी आठ तासांच्या दिवसाचीही मागणी केली. त्या वेळी आठवड्याला ५५ तास काम होते. यंत्राने वेळ वाचत असेल तर त्यातला काही वेळ आम्हालाही द्या, असा त्याचा अर्थ आहे, आणि मला तो पूर्णपणे न्याय्य वाटतो. रंगखात्यातील मजुरांचे दुःख निराळे होते : वाफेने भरलेली खोली, ओली जमीन, आम्ले आणि रसायने, आणि त्यातही कधी काम, कधी बेकारी. त्यांची मागणी आठवड्याला किमान १२ डॉलरची होती. विणकर आणि रंगारी एकाच संपात उतरले, ही या लढ्यातील विशेष गोष्ट, कारण एरवी कसबी विणकर रंगाऱ्याला आपल्या पंगतीत बसवत नसे.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या १९२८ च्या सार्वत्रिक संपामागे दोनऐवजी तीन साचे (माग) पाहण्याची सक्ती हे एक मोठे कारण होते.

प्रश्न : टिपणात पिएत्रो बोट्टो यांनी घर दिले असे होते. घरातल्या बाईंचे नावही नव्हते. इतकी माणसे दारात येत असताना त्या काय करत होत्या? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपली तक्रार योग्य आहे, आणि ती चूक या स्तंभाच्या वतीने मान्य करतो. ते घर मारिया बोट्टो यांच्या श्रमांवर उभे होते, असे म्हटले तर त्यात काही अतिशयोक्ती नाही.

पिएत्रो कसबी विणकर होते, तरी एका विणकराच्या मजुरीत असे घर बांधून होत नाही. मारिया घरबसल्या गिरणीचे काम आणत. विणून आलेल्या रेशमी ठाणातील गाठी, सुटलेली टोके, सुतातील कचरा बारीक चिमट्याने एकेक करून काढायचा आणि कापडाला ओरखडा उमटू द्यायचा नाही, असे ते काम. खिडकीच्या उजेडात मान खाली घालून तासन्‌तास करायचे. डोळे आणि पाठ दोन्ही झिजवणारे. त्याला गिरणीच्या छपराखालच्या कामाची प्रतिष्ठा नव्हती आणि दरही नव्हता. त्याखेरीज त्या बाहेरच्या माणसांना जेवू घालत. गिरणगावात ज्यांनी खाणावळ चालवणाऱ्या बायका पाहिल्या आहेत त्यांना यातला कष्टाचा भाग सांगावा लागणार नाही. घराचा वरचा भाग भाड्याने दिलेला होता, तेव्हा भाडेकरूंची देखभालही होती. चार मुली आईच्या हाताखाली राबत, आणि थोरल्या मुली लहान वयातच गिरणीत जाऊ लागल्या.

संपाच्या आधीही रविवारी हे घर माणसांनी भरलेले असे. शहरातील इटालियन कामगार सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेला येत. अंगणात द्राक्षाच्या वेलाचा मांडव होता, लाकडी चेंडू टाकून खेळायच्या बोचे या इटालियन खेळासाठी पट्टी आखलेली होती, पत्ते चालत, आणि मारियांच्या हातचे जेवण थोड्या पैशांत मिळे. पुरुषांचा विसावा तो मारिया आणि मुलींचा सर्वांत कामाचा दिवस. लोकांना ती वाट आधीच ठाऊक होती, म्हणूनच संपाच्या रविवारी हजारो माणसे त्या दाराशी इतक्या सहज आली. सज्जाच्या आधी स्वयंपाकघर होते, हे लक्षात घ्यावे.

संपात एकूणच स्त्रियांचा वाटा मोठा होता. कांड्या भरणे, सूत गुंडाळणे ही कामे बहुतांशी त्यांच्याकडे होती आणि विणकामातही त्या पुष्कळ होत्या. फ्लिन यांनी केवळ स्त्रियांच्या सभा वेगळ्या घेतल्या, कारण नवरा संपावर असताना घर कसे चालवायचे हा प्रश्न पुरुषांच्या सभेत कोणी विचारीत नव्हते. हॅना सिल्व्हरमन ही सतरा वर्षांची मुलगी आपल्या गिरणीसमोरील पिकेटिंगची पुढारी होती. ती पुन्हा पुन्हा अटक होऊन गेली आणि सुटताच पुन्हा तेथेच उभी राहिली. मे महिन्याच्या सुरुवातीस संपकऱ्यांची मुले न्यूयॉर्कमधील सहानुभूतीदार कुटुंबांकडे पाठवण्यात आली, म्हणजे त्यांच्या पोटाची चिंता तरी मिटावी. आपले मूल परक्याच्या दारात पाठवताना त्या आयांना काय वाटले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या परीने करावी.

प्रश्न : संप यशस्वी झाला का? झाला नसेल तर त्याचे स्मारक कशासाठी? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : झाला नाही. पाच महिन्यांनंतर, जुलै १९१३ च्या अखेरीस, कामगार गिरणीगणिक परतू लागले आणि बहुतेकांना मागण्यांपैकी काहीच मिळाले नाही.

अपयशाचे मुख्य कारण पॅटरसनच्या बाहेर होते. गिरणीमालकांनी आधीच पेनसिल्व्हेनियात, कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात, नव्या गिरण्या काढल्या होत्या. तेथे खाणकामगारांच्या बायका आणि मुली कमी मजुरीवर मिळत. पॅटरसनचे माग बंद असतानाही ऑर्डरींचा बराच माल तेथून निघत राहिला. एका गावाचा संप कितीही कडक असला तरी तेच काम दुसऱ्या गावात चालू राहिले की मालकाला वाट पाहता येते, कामगाराला येत नाही. १९८२ च्या मुंबईच्या संपात कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर कसे वळले, हे ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पैसाही संपला. न्यूयॉर्कच्या लेखक-कलावंतांनी, त्यांत तरुण पत्रकार जॉन रीड पुढे होते, ७ जून रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये संपाचा भव्य नाट्यप्रयोग केला. हजारावर खरे संपकरी रंगमंचावर स्वतःचीच कहाणी जगले : गिरणीची शिट्टी, पिकेटिंग, अंत्ययात्रा. प्रेक्षागृह भरले, वृत्तपत्रांनी वाखाणले, पण खर्च जाऊन शिल्लक राहिली नाही, उलट तूट आली. मदतीच्या आशेवर बसलेल्यांत त्यामुळे मनस्ताप आणि संशय दोन्ही पसरले. शेवटी इंग्रजी बोलणारे, थोडी जास्त मजुरी असलेले फीतविणकर स्वतंत्र तडजोडीला तयार झाले आणि एकजूट मोडली.

नाट्यप्रयोगातील अंत्ययात्रा काल्पनिक नव्हती. १७ एप्रिल रोजी व्हॅलेंतिनो मोदेस्तीनो हा इटालियन आपल्या घराच्या दाराशी असताना गिरणीने नेमलेल्या खासगी रक्षकांच्या गोळीने मारला गेला. तो रेशीम कामगारही नव्हता. त्याच्या मृत्यूबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. उन्हाळ्यात आणखी एका संपकऱ्याचा गोळीने बळी गेला. मालकांनी मार्चमध्ये ‘झेंडा दिन’ पाळून कामगारांना देशभक्तीची आठवण दिली, तेव्हा कामगारांनी उलट फलक धरला की झेंडा आम्हीच विणतो, त्याच्याखाली जगतो, त्याच्याखाली मरतो, पण त्याच्याखाली उपाशी मात्र राहणार नाही. परक्या देशात आलेल्या माणसाने त्या देशावर सांगितलेला हक्क याहून स्पष्ट शब्दांत मी कुठे वाचलेला नाही.

स्मारक कशासाठी, याबद्दल माझे मत असे आहे. सहा वर्षांनी, १९१९ मध्ये, पॅटरसनच्या रेशीम कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला. तो १९१३ च्या माणसांना मिळाला नव्हता, पण मागणी त्यांचीच होती. आणि समजा तोही मिळाला नसता, तरी सभा घेण्याचा हक्क शेजारच्या शहरात हिरावला जात असताना अडीच हजार वस्तीच्या एका गावाने आणि एका कुटुंबाने तो जपला, एवढे कारण मला पुरेसे वाटते. जिंकलेल्या लढ्यांचीच स्मारके करायची ठरवली तर कामगारांच्या वाट्याला फार थोडी येतील.

प्रश्न : आज तेथे काय पाहता येते? आणि नावाचा उच्चार ‘हॅलेडॉन’ की ‘हेलडन’? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : उच्चार हेलडन. १९८२ मध्ये बोट्टो यांच्या घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९८३ पासून तेथे ‘अमेरिकन लेबर म्युझियम’ आहे. खोल्या त्या काळच्या कामगार कुटुंबाच्या घराप्रमाणे लावलेल्या आहेत, मागे बाग आणि बोचेची पट्टी आहे. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा विचारून घ्याव्यात, कारण संग्रहालय लहान आहे आणि रोज दिवसभर उघडे नसते. पॅटरसनचा धबधबा आणि जुन्या गिरण्यांचा परिसर आता राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थेत आहे. जमल्यास आधी तो पाहावा आणि मग हेलडनला जावे, म्हणजे संपकऱ्यांची वाट त्याच क्रमाने होते.

रेशमाचा धंदा पॅटरसनमधून गेला. आधी स्वस्त मजुरीच्या गावांकडे काम गेले, मग कृत्रिम रेशीम आले, मग दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारे कच्चे रेशीम थांबले. हेलडन मात्र राहिले, आणि २०२० च्या जनगणनेत त्याची वस्ती ९,०५२ भरली. इटालियन आणि जर्मन नावांच्या जागी आता स्पॅनिश बोलणारी, अरब आणि दक्षिण आशियाई कुटुंबेही आहेत. सज्जाखाली उभे राहून रस्त्याकडे तोंड केले की १९१३ च्या माळाची कल्पना करावी लागते, कारण आता समोर वस्ती आहे. चढ मात्र तोच आहे, आणि पॅटरसनहून पायी आलात तर तो पायांना जाणवतो.